घरच्या घरी विसर्जन

आमचे चिरंजीव सलिल आर्किटेक्ट आहेत. गैरसमज नको, आयुष्यात त्यांनी एक वीट रचलेली नाही. कॉम्प्युटरच्या कंपन्यांत ‘सोल्यूशन आर्किटेक्ट’ नावाची जमात असते, त्यातले. नक्की काय करतोस म्हणून विचारलं तर उत्तर अर्धा तास चालतं, आणि शेवटी एवढंच समजतं की साहेबांना संध्याकाळपर्यंत कोणी हाक मारायची नाही, मीटिंग आहे. अशा माणसाने मागच्या जानेवारीत ठरवलं की हॉलमध्ये माशासाठी पाच फुटी टाकी बसवायची आणि तिचं प्लंबिंग स्वतःच्या हाताने करायचं.

मी त्र्यंबक, या आर्किटेक्टचा बाप. वागळे इस्टेटमधल्या पंपांच्या कारखान्यात चौतीस वर्षं टेस्टिंगला होतो. माझ्या सहीशिवाय एकही पंप गेटबाहेर जात नसे. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही. बरं, थोडा मोठेपणा आहे, असू दे, चौतीस वर्षांनी तेवढा चालतो. मुद्दा असा की पंपातलं कळणारा माणूस त्याच हॉलमध्ये सोफ्यावर पेपर उघडून बसला होता, आणि चिरंजीव मोबाइलवर कुठल्याशा टोपीवाल्या गोऱ्याचा व्हिडिओ थांबवून थांबवून पाइप कापत होते.

मला काय हवं होतं ते आधीच सांगून टाकतो. सलिलने मला एकदा विचारायला हवं होतं. ‘बाबा, जरा बघता का?’ बस्स, एवढंच. मी लगेच उठलो नसतो, थोडा भाव खाल्ला असता, पण उठलो असतो. बायको होती तोवर ती मधे पडायची, ‘अरे, त्यांना विचार की, घरात बसलेत’ म्हणायची. तिला जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून आम्हा बापलेकांत गॅस सिलिंडर, सोसायटीचं पाणी आणि क्रिकेट यापलीकडे बोलणं नाही.

टाकी मात्र सलिलच्या हौसेची नव्हती. ती सुनेच्या माशासाठी होती. आसावरी डोंबिवलीची, इथे ठाण्यातल्या शाळेत भूगोल शिकवते. तिच्या वडिलांनी एक ऑस्कर मासा पाळला होता, चांगला वीतभर लांब, काळा, अंगावर नारिंगी डाग. कपाळाला कायम आठ्या असाव्यात असा त्याचा चेहरा, म्हणून वडिलांनी त्याचं नाव पंत ठेवलं होतं. दोन वर्षांपूर्वी वडील गेले. आईला पाण्याच्या बादल्या उचलवेनात, तेव्हा आसावरी डोंबिवलीहून वर्तकनगरपर्यंत रंगाची मोठी बादली मांडीवर धरून पंताला घेऊन आली. पंत फक्त तिच्या हातून खायचा. ती टाकीच्या या टोकाकडून त्या टोकाला गेली की काचेलगत तिच्या बरोबरीने जायचा. माझ्याकडे बघून तोंड फिरवायचा. मला तो आवडत असे. या घरात नापसंती तोंडावर दाखवणारं दुसरं कोणी नव्हतं.

आता प्लंबिंग. यात काही ब्रह्मविद्या नाही. मोठ्या टाकीच्या खाली कपाटात आणखी एक छोटी टाकी ठेवतात, तिला दुकानदार सम्प म्हणतात. वरचं पाणी एका कोपऱ्यातल्या जाळीवरून सांडून पाइपाने खाली उतरतं, खालच्या टाकीच्या पहिल्या दोन कप्प्यांत गाळून निघतं आणि तिसऱ्या कप्प्यात येतं. तिथे पंप बसलेला असतो, तो ते परत वर ढकलतो. घरातल्या कुठल्याही शहाण्या माणसाला एका सकाळीत जमेल असं काम आहे. चिरंजीवांना तीन शनिवार-रविवार लागले.

पहिली गोष्ट, पंप. पाणी किती वर चढवायचंय, जेमतेम पाच फूट. याने मागवला पंप इमारतीच्या गच्चीवर पाणी जाईल असा. का, तर ‘हेडरूम’ असावी. अरे, पंपाच्या धंद्यात हेड म्हणजे पाणी चढवायची उंची, ती फुटपट्टीने मोजतात, वाटली म्हणून वाढवत नाहीत! दुसरी गोष्ट, एल्बो. सरळ गेलं तर पाच फुटांचं अंतर, त्यात या माणसाने काटकोनातले सहा एल्बो घातले, कपाटाच्या आत दिसायला नीट हवं म्हणून. कपाटाचं दार बंद असतं, तरी. प्रत्येक काटकोनात पाणी आपटतं आणि जोर मरतो, हे आमच्याकडे हेल्परलाही माहीत असायचं. तिसरी गोष्ट म्हणजे कळस. पंपापासून वरपर्यंत सगळे जोड सोल्व्हंट लावून कायमचे चिकटवून टाकले, मधे उघडता येईल अशी एकही युनियन नाही. म्हणजे उद्या पंप साफ करायला काढायचा झाला तर करवत आणा.

हे सगळं मी बघत होतो. एकदा खाकरलो. दोनदा पेपर जोरात उलटला. सलिलने हेडफोन घातला.

सगळ्यात मोठी अक्कल मात्र वरच्या टोकाला पाजळली होती. परतीच्या पाइपाचं तोंड टाकीत चांगलं सहा इंच पाण्याखाली सोडलं, आवाज नको म्हणून, आणि खालची टाकी काठोकाठ भरली. आता पंप बंद पडला की काय होतं? त्याच पाइपातून वरचं पाणी उलटं खाली यायला लागतं, आणि पाइपाचं तोंड उघडं पडेपर्यंत थांबत नाही. याचा त्यावर उपाय काय, तर एक पाणी उलटं येऊ न देणारा झडपेचा व्हॉल्व्ह. त्या झडपेत शेवाळाचा एक तुकडा अडकला की खेळ खलास.

फेब्रुवारीतल्या दुसऱ्या शनिवारी सोसायटीने जनरेटर तपासायला मेन लाइट घालवली. दहा मिनिटांत कपाटाच्या दाराखालून पाणी निघालं. चिरंजीव टॉवेल, पायपुसणी, शेवटी स्वतःचा बाथरोब घेऊन धावले. खालच्या मजल्यावरच्या कमळाबाईंचा इंटरकॉमवर फोन आला, “अहो, आमच्या छतातून गळतंय, माशाचा वास येतोय!” आसावरी ओट्याखालचं भांडं घेऊन पाणी उपसत होती. मी पाय सोफ्यावर घेतले आणि अग्रलेख पुरा केला.

तरीसुद्धा सोमवारी दोघं कामावर गेल्यावर मी माझी जुनी पेटी काढली. गुडघे कुरकुरत होते, पण हात विसरले नव्हते. चार एल्बो कापून काढले, तिथे दोन लांब वळणाचे बेंड घातले. पंपाच्या वर एक युनियन बसवली, हाताने फिरवली की पंप बाहेर. परतीचा पाइप वर घेतला आणि पाण्याच्या पातळीच्या जरा खाली त्याला बारीक भोक पाडलं, म्हणजे उलटं पाणी यायला लागलं की लगेच हवा शिरून थांबेल. खालच्या टाकीतलं पाणी चार इंच उतरवलं. मग स्वतःच मेन स्विच घालवून पाहिलं. पाणी थोडं खाली आलं, थांबलं. लाइट परत दिली, पंप सुरू झाला, गळती नाही, थरथर नाही. चहा करून घेतला आणि एकटाच हसलो.

संध्याकाळी आसावरीने कपाट उघडलं, आत बघितलं, मग माझ्याकडे.

“बाबा, तुम्ही केलंत ना हे?”

“छे! मला काय कळतंय.”

तिने कपाटाचं दार लावलं. रात्रीच्या जेवणाला माझ्या ताटात न मागता साखरभात आला.

आणि चिरंजीव? त्यांनी आठवडाभराने मित्राला फोनवर सांगितलं, तेही माझ्यासमोर. “अरे, सुरुवातीला इश्यू होता थोडा, पण मी फाइन ट्यून केलंय सगळं. आता एकदम स्टेबल.” फाइन ट्यून! पाइप नवा, रंग वेगळा, जोड वेगळे, आणि या माणसाला वाटतंय त्याने मोबाइलवरच्या पंपाच्या अ‍ॅपमध्ये काहीतरी दाबलं त्याचा हा परिणाम! त्याच दिवशी मी ठरवलं. यापुढे पुन्हा हात लावणार नाही, तोंडही उघडणार नाही. सलिल स्वतः येऊन विचारेल त्या दिवशी बघू.

तर मग आले गणपती. आमच्याकडे दीड दिवसाचा, शाडूचा, नऊ इंची. विसर्जनाला दर वर्षी पालिकेच्या कृत्रिम तलावावर जातो. बुधवारी गणपती बसायचा होता. आदल्या रविवारी चिरंजीवांनी जेवताना जाहीर केलं.

“या वर्षी तलावावर जायचं नाही. गर्दी, ट्रॅफिक, लाइन. आपण घरीच करू विसर्जन, सम्पमध्ये. मूर्ती शाडूची आहे, विरघळेल, खाली माती बसेल, ती आपण कुंड्यांना घालू. झिरो वेस्ट. आणि लोक बादलीत करतात, ते साचलेलं पाणी. आपल्याकडे पाणी सतत फिरतंय. म्हणजे एका अर्थी नदीच.”

नदीच! मी उचललेला घास परत ताटात ठेवला. खालच्या टाकीच्या पहिल्या दोन कप्प्यांत गाळण्याचं सामान ठासून भरलेलं. रिकामी जागा एकच, तिसरा कप्पा. तिथे पंप. म्हणजे हा मनुष्य मातीची मूर्ती पंपाच्या तोंडाशी नेऊन ठेवणार होता. मला डोळ्यांसमोर दिसत होतं. चिखल पंपात शिरणार, मूर्तीच्या गळ्यातल्या जानव्याचा दोरा पंपाच्या आतल्या फिरत्या पात्याला, म्हणजे इम्पेलरला गुंडाळणार, पंप जागच्या जागी अडकणार. चौतीस वर्षांत दोरा, केस, गोणपाटाचे धागे यांनी अडकलेले पंप मी किती उघडलेत, याची गणती नाही.

बोललो का? नाही. अहो, कशाला बोलू? नदीवाल्याला कोणी शिकवायचं?

उलट सोमवारी सकाळी मी जांभळी नाक्यापलीकडच्या दुकानात गेलो आणि त्याच पंपाचा नवा इम्पेलर आणून ठेवला. पाकिटासकट सदऱ्याच्या खिशात. सगळं ठरलेलं होतं. पंप अडकणार, चिरंजीवांची धावपळ होणार, व्हिडिओ बघून काही जमणार नाही, शेवटी माझ्यापुढे येऊन उभे राहणार. मग मी उठणार, दोन मिनिटांत युनियन फिरवून पंप काढणार, खिशातून इम्पेलर काढणार. ते दृश्य मी मनात इतक्यांदा पाहिलं की त्या चार दिवसांत मला झोपही छान लागली.

गुरुवारी सकाळी उत्तरपूजेची तयारी चालू होती. सलिल खाली फुलं आणायला गेलेला. आसावरी ओट्यापाशी दहीपोहे कालवत होती. मी पाणी प्यायला आत गेलो.

“बाबा, एक विचारू?”

“विचार.”

“ते खालच्या टाकीत विसर्जन. माती पंपात गेली तर काही होईल का? सलिल म्हणतो काही नाही होत. तुम्हाला कळतं त्यातलं.”

मला वाटलं सांगावं. तोंडापर्यंत आलं होतं. पण विचारलं कोणी, सुनेने. ज्याने विचारायचं तो फुलं आणायला गेलेला.

“मला कशाला विचारतेस? तुझा नवरा आर्किटेक्ट आहे.”

“मी तुम्हाला विचारतेय.”

“मी रिटायर्ड माणूस, बाई. आमच्या वेळचे पंप वेगळे.”

तिने चमचा थांबवला, माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, “बरं,” आणि पोह्यांत मीठ घातलं.

दीड वाजता विसर्जन झालं. काय ते दृश्य! टीव्हीशेजारच्या टाकीखालचं कपाट उघडून आम्ही तिघं त्याच्यापुढे वाकून आरती म्हणतोय. मला खाली बसवेना, म्हणून मी उभा राहून कपाटाच्या फळीला आरती ओवाळली. सलिलने एका हाताने मोबाइल धरून दुसऱ्या हाताने मूर्ती तिसऱ्या कप्प्यात सोडली. हार, दूर्वा, कापसाचं वस्त्र आसावरीने आधीच काढून ठेवलं होतं. जानवं रंगाने चिकटलेलं होतं, ते तसंच राहिलं. मी पाहिलं होतं. ‘गणपती बाप्पा मोरया’ आम्ही म्हटलं, पंताने वरून आमच्याकडे पाठ फिरवली, आणि चिरंजीवांनी व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. खाली बासष्ट अंगठे आले. कमळाबाईंचा त्यात नव्हता.

तीन वाजता आम्ही गाडीने डोंबिवलीला निघालो. आसावरीच्या भावाकडे, अपूर्वकडे, पाच दिवसांचा गणपती असतो. मी घरीच थांबेन, असं म्हणता आलं असतं. पण मी थांबलो असतो तर पंप बंद पडलेला मला दिसला असता, आणि मग विचारायची वेळ चिरंजीवांवर आलीच नसती. म्हणून मीही गेलो.

डोंबिवलीत मोदक झाले, चहा झाला. सलिलने तो व्हिडिओ टीव्हीवर लावला. अपूर्व म्हणाला, “भारी आयडिया रे, जिजू!” मूर्खांना कौतुक करायला मूर्ख लगेच भेटतात. आसावरीच्या आई, मंदाकिनीबाई, खुर्चीत बसल्या बसल्या व्हिडिओ बघत होत्या. त्यांचं लक्ष मूर्तीकडे नव्हतं.

“पंत कुठाय त्यात?” त्यांनी विचारलं. “खातो का नीट? हे होते तेव्हा ह्यांच्याशिवाय दुसऱ्या कोणाच्या हातून घास घ्यायचा नाही.”

“खातो गं,” आसावरी म्हणाली. आणि मग हळूच नवऱ्याला, “सलिल, ठीक असेल ना रे टाकी?”

सलिलने मोबाइल काढला. पंपाचा प्लग त्याने मोबाइलला जोडलेला आहे. “बघ. पंप ऑन. ऑनलाइन आहे. डोंट वरी.”

मी हसू दाबलं. प्लगमध्ये वीज आहे म्हणजे पाइपात पाणी आहे असं ज्याला वाटतं, त्याला लोक आर्किटेक्ट म्हणतात! पातं अडकलेला पंपसुद्धा वीज खातच असतो, जागेवर बसून गुणगुणत असतो. मंदाकिनीबाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांना वाटलं मी त्यांच्या प्रश्नावर हसलो. “काय हो, माझं काही चुकलं का?” म्हणाल्या. मी म्हटलं, “नाही नाही, मोदक छान झालेत.” आणि आणखी एक वाढून घेतला.

संध्याकाळची आरती घेऊन निघालो. सव्वाआठला घराचं दार उघडलं. हॉलमध्ये पाण्याचा नेहमीचा आवाज नव्हता. मी उंबऱ्यातच ओळखलं. खरं सांगतो, मला आनंद झाला. चपला पायात होत्या तेव्हाच झाला.

आसावरीने लाइट लावला. टाकीतलं पाणी दुधाच्या चहासारखं झालेलं, मागची काच दिसत नव्हती. पंप अडकायच्या आधी बरीच माती वर फेकून गेला होता. पंत अगदी पृष्ठभागाला आला होता, अर्धवट कुशीवर, तोंड पाण्याबाहेर काढून उघडझाप करत. कल्ले फाकलेले.

“सलिल! अरे पंत बघ!”

“पण ऑन दाखवतंय...” चिरंजीव मोबाइलकडे बघत म्हणाले. मग कपाट उघडलं, प्लग काढला, लावला, पंपाला हात लावला, पंप गरम. मोबाइल खाली ठेवला. माझ्याकडे वळला. चेहरा लहानपणी सायकलची चेन पडली की व्हायचा तसा.

“बाबा, जरा बघता का?”

झालं! आठ महिने ज्याची वाट बघितली ते आलं. मी बाह्या सरसावल्या आणि गुडघे विसरून खाली बसलो.

“सरक. टॉर्च धर. वर नको, इथे. प्लग काढ आधी.” मी युनियन फिरवली, पंप हातात आला. “बघितलंस? करवत लागली नाही. ही युनियन कोणी बसवली माहितीये?”

“कोणी?”

“मी. फेब्रुवारीत. तुझं फाइन ट्यूनिंग ते.”

“बाबा, लवकर करा ना,” वरून आसावरी. तिचे दोन्ही हात टाकीत होते, पंताला खालून आधार दिलेला.

“दोन मिनिटं.”

दोन मिनिटांचंच काम होतं. मी सहा लावली. पंपाचं तोंड उघडून त्याला दाखवलं, जानव्याचा दोरा पात्याला कसा गुंडाळलाय, पात्याचा तुकडा कसा उडालाय, हे तू मला विचारलं असतंस तर रविवारीच सांगितलं असतं, वगैरे. तो “हो बाबा, हो” म्हणत होता. मग मी खिशातून पाकीट काढलं, फाडलं, नवा इम्पेलर घातला, पंप जागेवर बसवला, युनियन हाताने आवळली. “लाव आता.”

पंपाने पहिल्या क्षणाला पाणी उचललं. काय आवाज होता! गुळगुळीत, एकसारखा. मी डोळे मिटून ऐकत होतो.

“बंद करा! बाबा, बंद करा, वरून चिखल येतोय!”

तिसऱ्या कप्प्यात सबंध दुपार खाली बसलेला मूर्तीचा गाळ पंपाने एका झटक्यात उचलला होता आणि परतीच्या पाइपातून पंताच्या अंगावर ओतत होता. पाणी चहाचं पिठल्यासारखं झालं. आणि मी, टेस्टिंग डिपार्टमेंटचा त्र्यंबक, मी काय म्हणालो असेन?

“येऊ दे, येऊ दे. एकदोनदा फिरलं की गाळून निघेल.”

आसावरीने स्वतः येऊन प्लग उपटला. पंताला बादलीत घेतलं, स्वच्छ पाण्यात. सलिल जमिनीवर बसला आणि बादलीत हात घालून पाणी हलवत राहिला, पाण्यात हवा जावी म्हणून. हात दुखला की दुसऱ्या हाताने. थांबला नाही, मोबाइल वाजला तरी बघितलं नाही. त्याच्यात एवढी चिकाटी असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. पंताने दोनदा कल्ले हलवले, एकदा आसावरीचं बोट तोंडात धरलं आणि सोडलं. नऊ वाजायच्या आत पंत गेला.

मी कपाटापाशीच बसून होतो. चौतीस वर्षं माझ्या हाताखालून पंप गेले. पाणी किती, किती वर, किती वेगाने, एवढंच बघायचं असतं. त्या पाण्यात कोणी श्वास घेत असतं, हे मला कधी मोजावं लागलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, त्या चार दिवसांत एकदाही माझ्या मनात पंत आला नाही. सलिलचा चेहरा तेवढा आला. लाज वाटली. मुलाची मूर्ख म्हणून जेवढी थट्टा मनात केली होती, ती सगळी एकदम माझ्यावरच उलटली.

आसावरीने पदराने हात पुसले. जमिनीवर इम्पेलरचं फाटलेलं पाकीट पडलं होतं, ते उचललं. उलटंपालटं करून बघितलं.

“हा पार्ट घरात होता?”

“मी आणला होता.”

“कधी?”

खोटं बोलता आलं असतं. पाकिटावर दुकानदाराने पेनाने तारीख टाकली होती.

“सोमवारी.”

“गणपती बुधवारी बसला,” ती म्हणाली. शाळेत मुलांकडून उत्तर काढून घेतात तशा सुरात नाही, स्वतःशीच बोलल्यासारखं. सलिलने बादलीतून हात काढला. त्यालाही समजलं, उशिरा का होईना.

तिने पाकिटाची घडी घातली, आणखी एक घातली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, मला भांडता येतं.

“पंपासाठी आणून ठेवलात, बाबा. पंतासाठी काय आणलं होतंत?”

“काही नाही,” मी म्हटलं.

ती बादली उचलून आत गेली. सलिल माझ्याकडे बघत बसला होता, हाताला कोपरापर्यंत शाडू लागलेली. त्याने काही विचारलं नाही.